वस्तीतला चौक: बसायला जागा आहे का?

पायवाट (धागाकर्ता)

'चौक' हा शब्द संस्कृतातल्या 'चतुष्क'वरून आला. घराच्या पोटात असतो तोही चौक आणि चार रस्ते मिळतात तोही चौक. दोन्हीकडे भोवती भिंती आणि मध्ये आभाळ. याच्या जोडीचा दुसरा शब्द चव्हाटा, म्हणजे चार वाटांची जागा. हा शब्द आता आपण फक्त 'भांडण चव्हाट्यावर आलं' असं म्हणताना वापरतो. चारचौघांत जाऊन बसायच्या जागेला भाषेत नामुष्कीचा अर्थ चिकटला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

धागा काढायचं कारण सांगतो. गेले काही दिवस रोज संध्याकाळी मी राहतो तिथल्या चौकात अर्धा तास उभा राहतोय. उभा अशासाठी, की बसायला काही नाही. मधोमध गोल कठडा आहे, पण त्यावर कुणी बसू नये म्हणून टोकदार लोखंडी पट्टी बसवली आहे. परवा एक आजी काठी टेकत आल्या. कठड्याला टेकायला गेल्या, पट्टी टोचली, तशाच उठल्या. हातातली पिशवी त्यांनी दुसऱ्या हातात घेतली आणि दिव्याच्या खांबाला पाठ लावली. त्यांच्या ओळखीच्या दुसऱ्या आजी भेटल्या. दोघी उभ्याउभ्याच बोलल्या. बोलणं रंगलं होतं, पण पाचेक मिनिटांत पहिल्या आजींचा काठीवरचा हात थरथरायला लागला आणि त्यांनी निरोप घेतला. तेव्हापासून डोक्यात एकच विचार आहे. चौकात लोक येत नाहीत अशी तक्रार आपण करतो, पण आलेल्या माणसाला थांबवून घ्यायला आपण तिथं काय ठेवलंय?

थोडं मागं जाऊन बघू. ग्रीसमधल्या अथेन्सच्या अगोराच्या, म्हणजे तिथल्या मुख्य चौकाच्या, कडेला इसवी सनपूर्व ५०० च्या सुमारास रोवलेले सीमेचे दगड उत्खननात सापडले आहेत. त्यांवर कोरलंय, 'मी अगोराची सीमा आहे.' दगड स्वतःच बोलतोय! ही जागा सगळ्यांची, इथून आत कुणी घर वाढवायचं नाही, हे त्यानं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचं. इटलीतल्या सिएना शहराचा काम्पो चौक तर मला फार आवडतो. तीन टेकड्या जिथं मिळतात, तिथल्या उतारावर तो आहे. विटांची फरसबंदी १३४९ मध्ये पूर्ण झाली. पांढऱ्या दगडाच्या रेघांनी तिचे ९ भाग केले, कारण तेव्हा ९ जणांचं मंडळ शहर चालवत होतं. त्याच्याही आधी, १२९७ मध्ये, चौकाकडे तोंड असलेल्या घरांच्या खिडक्या कशा असाव्यात आणि पुढे सज्जे काढू नयेत याचा नियम शहरानं केला होता. म्हणजे घर तुमचं, पण त्याचा चेहरा चौकाचा. आज तिथं बाकं लागत नाहीत. लोक उतारावरच बसतात, आडवेही होतात.

आणखी एक उदाहरण. स्पेनचा राजा दुसरा फिलिप यानं १५७३ मध्ये नव्या वसाहती कशा वसवाव्यात याचे नियम काढले. वसाहतवादानं तिथल्या मूळ लोकांचं काय केलं हे विसरून मी हे लिहीत नाही. पण त्यातली चौकाबद्दलची कलमं वाचण्यासारखी आहेत. आधी चौक आखायचा, मग त्यातून रस्ते काढायचे. लांबी रुंदीच्या किमान दीडपट. कमीत कमी २०० फूट रुंद आणि ३०० फूट लांब. आणि मोजमाप आजच्या लोकसंख्येवर धरायचं नाही, वस्ती पुढं वाढणार हे लक्षात घेऊन धरायचं. भोवती व्यापाऱ्यांसाठी कमानींच्या सावल्या. साडेचारशे वर्षांपूर्वी चौक आधी होता आणि रस्ता नंतर. आज उलटं झालंय. रस्ते, इमारती, गाड्या उभ्या करायच्या जागा असं सगळं आखून झालं की जो तुकडा उरतो, त्याला आपण चौक म्हणतो.

तुमच्या ओळखीच्या चौकाबद्दल लिहा. तिथं काय होतं, आज काय आहे, पुढं काय व्हावं असं वाटतं? आणि हो, बसायला जागा आहे का, तेही.

आरेखक

उत्तम धागा. बसण्याच्या जागेचा मुद्दा तुम्ही सहज लिहिलात, पण आमच्या व्यवसायात त्यावर एक फार महत्त्वाचं काम झालेलं आहे.

न्यूयॉर्कनं १९६१ च्या बांधकाम नियमात एक सवलत दिली. इमारतीपुढं लोकांसाठी मोकळी जागा सोडा आणि बदल्यात जास्त मजले चढवा. सर्वांत दाट भागात १ चौरस फूट जागा सोडली की १० चौरस फूट जादा बांधकाम मिळायचं. बिल्डरांनी भराभर जागा सोडल्या. कागदावर शहराला चौकच चौक मिळाले, प्रत्यक्षात बरेचसे ओस. काही गच्च भरलेले आणि काहींत चिटपाखरू नाही, असं का होतं हे शोधायला विल्यम व्हाइट या लेखकानं काही तरुण सोबत्यांना घेऊन, १९७० च्या आसपास, गच्च्यांवर कॅमेरे लावले. ते दिवसेंदिवस चित्रण करत राहिले आणि माणसं मोजत राहिले.

आधी त्यांना वाटलं, ऊन असेल तिथं लोक येत असतील. मग वाटलं, जागेचा आकार, लांबीरुंदी. कशानंच कोडं पूर्ण सुटेना. शेवटी हाती आलं ते इतकं साधं, की सांगताना माणूस संकोचेल: जिथं बसायला जागा असते, तिथं लोक बसतात. १९७५ मध्ये शहरानं नियम बदलला. दर ३० चौरस फूट मोकळ्या जागेमागं १ फूट लांबीची बैठक द्यायलाच हवी. पायवाट, तुमच्या चौकाचं क्षेत्रफळ आणि बैठकीची लांबी मोजाल का? आकडा हातात असला की बोलणं सोपं जातं.

अजून एक बारकावा. खुर्ची मोकळी असेल तर माणूस बसण्याआधी ती जरा सरकवतो. कधी दोन इंच, कधी सरकवून परत होती तिथंच आणतो. उन्हासावलीशी त्याचा संबंध नसतो. 'ही आता माझी' एवढंच त्याला स्वतःशी म्हणायचं असतं. व्हाइटच्या चित्रणात हे पुन्हा पुन्हा दिसतं. एकदा वाचल्यावर मी जिथं जाईन तिथं बघतो आणि प्रत्येक वेळी ते घडतं. जमिनीत गाडलेल्या बाकाला हे सुख देता येत नाही.

दक्षिणवारा

सगळं मान्य. पण गाड्या कुठं लावायच्या? भावनेवर शहरं चालत नाहीत. चौक अडवला की भोवतीच्या गल्ल्या तुंबतात. रुग्णवाहिका अडकली तर जबाबदार कोण?

पायवाट

दक्षिणवारा, प्रश्न रास्त आहे आणि तो पूर्वीही विचारला गेलाय. म्हणून जरा विस्तारानं लिहितो.

न्यूयॉर्कमधल्या वॉशिंग्टन स्क्वेअरची गोष्ट घ्या. १७९७ पासून १८२५ पर्यंत ती बेवारस आणि गरीब मृतांची दफनभूमी होती. आजही अंदाजे २० हजार माणसं त्या मातीखाली आहेत. पुढं तिथं सैन्याच्या कवायती झाल्या आणि मग बाग झाली. बागेतून वाहनंही जायची. १९५० च्या दशकात रॉबर्ट मोझेस या बलाढ्य अधिकाऱ्यानं बागेच्या मधून मोठा रस्ता न्यायचा बेत आखला. त्याविरुद्ध शर्ली हेज ही चार मुलांची आई उभी राहिली. अरुंद रस्ता चालेल का, जमिनीखालून चालेल का, अशा तडजोडी पुढं येत होत्या. तिचं म्हणणं एकच: रस्ताच नको, आणि आहे ती वाहतूकही बंद करा. शहरांवर लिहिणारी जेन जेकब्ज त्या चळवळीत होती, माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्टही होत्या.

अधिकाऱ्यांचं म्हणणं अगदी तुमच्यासारखं होतं, की भोवतीचे रस्ते तुंबतील. म्हणून १९५८ मध्ये आधी फक्त प्रयोग म्हणून वाहनं बंद केली. त्या दिवशीच्या समारंभात फीत कापली नाही, बांधली. मग मोजणी झाली आणि भोवतीच्या रस्त्यांवर भाकीत केलेली गर्दी वाढलेली नव्हती. दुसऱ्या वर्षी बंदी कायम झाली. रस्ता कमी झाला की काही प्रवास दुसऱ्या वाटेनं जातात, काही दुसऱ्या वेळी होतात आणि काही होतच नाहीत. हे नळाच्या पाण्यासारखं नाही, की एक तोटी बंद केली तर तेवढंच पाणी दुसरीकडून येणार.

रुग्णवाहिकेचं मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. तिला वाट हवीच. सरकवता किंवा खाली दाबता येणारे खांब लावून ती ठेवता येते. बेशिस्त लावलेल्या गाड्यांमधून मात्र ती वाट काढता येत नाही, हेही तुम्ही बघितलं असेल.

आरेखक

गाड्यांवरून पोर्टलंड आठवलं. अमेरिकेतल्या या शहराच्या मध्यावरच्या एकाच तुकड्यावर १८५८ मध्ये शाळा झाली. १८९० मध्ये तिथं मोठं, देखणं हॉटेल उघडलं. १९५१ मध्ये ते पाडून गाड्या लावायला दुमजली वाहनतळ केला. तीस वर्षं शहराच्या काळजाच्या जागी गाड्या उभ्या होत्या! पुढं लोकांनी चौक मागितला. पैसे पुरत नव्हते, तेव्हा फरसबंदीच्या विटा लोकांना विकल्या आणि प्रत्येक विटेवर विकत घेणाऱ्याचं नाव कोरलं. हजारो नावं. १९८४ मध्ये चौक उघडला. जुन्या हॉटेलाचं लोखंडी फाटक जपून तिथंच बसवलं. जमिनीची किंमत गाड्या लावून वसूल करायची हा जो हिशेब असतो, तो एका शहरानं असा मोडून दाखवलाय.

निशिगंध

मी दुसरी बाजू मांडते, कारण माझी खिडकी चौकावर उघडते.

चौकाचं कौतुक करणारे बहुतेक जण रात्री आपापल्या घरी जातात. मी तिथंच असते. ध्वनिक्षेपक लावायचा तर चौकात, मिरवणूक थांबवायची तर चौकात, घोळक्यानं मध्यरात्रीपर्यंत गाड्यांचे भोंगे वाजवायचे ते चौकात. माझे सासरे आजारी होते तेव्हा खिडकीच्या फटीत मी जुन्या चादरी कोंबायचे. चौक जिवंत हवा म्हणता, तर तो कुणाच्या जिवावर, हेही विचारा. वस्तीतला चौक आणि शहराचा चौक यांत फरक करायला हवा. शहराच्या चौकात लाख माणसं येऊ देत. वस्तीच्या चौकात भोवतालच्या घरांना झोप मिळायला हवी.

पायवाट

निशिगंध ताई, तुमचा मुद्दा मी मूळ लेखात घ्यायला हवा होता. दोन प्रकारच्या चौकांतला फरक मला पूर्ण पटतो. मोठा आवाज करणाऱ्या घोळक्याला आपण चौकाचं जगणं समजतो, पण बसून बोलणाऱ्या दहा माणसांचा आवाज खिडकीपर्यंत येतही नाही. ध्वनिक्षेपकाला वेळेची आणि आवाजाची मर्यादा हवी, आणि ती पाळली जातेय का हे बघायला चौकाभोवतीच्या घरांचं म्हणणं आधी ऐकलं जायला हवं.

उंबरझाड

मी महाविद्यालयात शिकते. आम्ही चौघी मैत्रिणी क्लास सुटल्यावर कुठंतरी बसायला जागा शोधत असतो. मुलं कुठंही टेकतात, गाडीवर, पायरीवर, कुणाच्या ओट्यावर. आम्ही चौकात थांबलो की पाच मिनिटांत कुणीतरी विचारतं, 'काय गं, इथं काय करताय?' नुसतं बसायला आम्हाला कारण द्यावं लागतं.

आरेखक

उंबरझाड, तुमचं निरीक्षण व्हाइटच्या मोजणीशी तंतोतंत जुळतं. बायकांचं प्रमाण हा त्याच्या लेखी जागेचा सर्वांत भरवशाचा निकष होता. बायका जागा अधिक चोखंदळपणे निवडतात. प्रमाण घसरलं तर जागेत काहीतरी बिघडलंय असं समजावं. न्यूयॉर्कचंच ब्रायंट पार्क तेव्हा गुन्ह्यांसाठी बदनाम होतं. ते रस्त्यापासून उंचावर आणि उंच झुडपांच्या भिंतीआड होतं. आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नव्हतं, म्हणून सज्जन माणूस आत पाऊल टाकत नव्हता. दुरुस्तीत झुडपं आणि कुंपण काढलं, वाटा रुंद केल्या, मोकळ्या खुर्च्या ठेवल्या. १९९२ मध्ये ते पुन्हा उघडलं आणि भरून गेलं. जास्त कुंपण म्हणजे जास्त सुरक्षितता, ही समजूत आपण टाकून द्यायला हवी.

सपाट

माझी आई चाकाच्या खुर्चीवर असते. चौक सुंदर करायचा म्हटलं की पहिल्यांदा मध्ये चौथरा उचलतात आणि तीन पायऱ्या करतात. आमचा चौक तिथंच संपतो. कडेकडेनं जाताना तिच्या डोळ्यांसमोर लोकांच्या फक्त पोटऱ्या असतात. उतार करताना तो मागच्या बाजूला, कचऱ्याच्या डब्याजवळ करू नका. सगळे जिथून येतात तिथूनच तिलाही येऊ द्या. एवढंच.

पायवाट

सपाट, तुमच्या प्रतिसादाची प्रत काढून मी जवळ ठेवली आहे. जिथं बोलायची संधी मिळेल तिथं ती वाचून दाखवीन.

जुनीवही

चौकाचा एक उपयोग अजून कुणी लिहिला नाही. ३० एप्रिल १९७७ रोजी अर्जेंटिनात १४ आया ब्युनोस आयर्सच्या प्लाझा दे मायो या चौकात जमल्या. लष्करी राजवटीनं त्यांची मुलं पळवून नेली होती आणि ती कुठं आहेत हे कुणी सांगत नव्हतं. जमावबंदी होती, पोलिसांनी थांबू नका म्हणून दटावलं. तेव्हा त्या दोघीदोघी हातात हात घालून चौकातल्या स्तंभाभोवती चालायला लागल्या. थांबायला बंदी होती, चालायला नव्हती. पुढं दर गुरुवारी त्या तशाच चालत राहिल्या, डोक्याला पांढरा रुमाल बांधून. हे बंद खोलीत करता आलं नसतं, कारण त्यांना दिसायचं होतं.

म्हणून चौकाची मालकी कुणाची हा प्रश्न मला सर्वांत मोठा वाटतो. आरेखक यांनी लिहिलेल्या सवलतीतून झालेल्या जागा खासगी मालकीच्या असतात. तिथं बसता येतं, पण नियम मालकाचे. २०११ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या झुकोटी पार्कमध्ये आंदोलक राहायला आले. ती जागाही अशीच खासगी. परवानगीच्या अटीनुसार ती चोवीस तास उघडी ठेवणं मालकाला बंधनकारक होतं, म्हणून ते तिथं राहू शकले. दोन महिन्यांनी उठवलेच. 'लोकांसाठी खुली' आणि 'लोकांची' यांत काय अंतर आहे ते तेव्हा कळलं. चकचकीत फरशी, सुरक्षारक्षक आणि 'छायाचित्र काढू नये'ची पाटी दिसली, की ती जागा कुणाची ते विचारून घ्यावं.

दक्षिणवारा

जुनीवही, चांगलं लिहिलंत. मी गाड्यांच्या बाजूनं बोललो खरा, पण वॉशिंग्टन स्क्वेअरचं प्रयोग करून मोजण्याचं मला पटलं. आधी तात्पुरतं करा, मोजा, मग ठरवा. असं असेल तर माझा विरोध नाही.

आरेखक

तात्पुरत्या प्रयोगाचं अलीकडचं उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कचाच टाइम्स स्क्वेअर. मे २००९ मध्ये ब्रॉडवे या रस्त्याचा तेवढा पट्टा वाहनांना बंद केला. नवं फर्निचर यायला वेळ होता, म्हणून अंगणात टाकतात तसल्या साध्या घडीच्या खुर्च्या रस्त्यावर मांडल्या. लोक लगेच येऊन बसले. पुढच्या वर्षी निर्णय कायम झाला, पक्कं बांधकाम त्यानंतर कितीतरी वर्षांनी. आधी रंग आणि खुर्च्या, मग दगड.

आता पुढचं. येत्या काळात चौकाला दोन कामं करावी लागणार आहेत: ऊन अडवणं आणि पाणी सामावणं. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात २०१३ मध्ये बेन्थेमप्लेन नावाचा चौक झाला. त्यात तीन खोलगट भाग आहेत. कोरड्या दिवशी तिथं मुलं खेळतात, लोक पायऱ्यांवर बसतात. धो धो पाऊस आला की आसपासच्या छपरांचं पाणी तिथं साठतं आणि गटारं तुंबत नाहीत. पाणी ओसरलं की पुन्हा खेळ सुरू. आपण मात्र चौक 'सुशोभित' करताना कडेपासून कडेपर्यंत सिमेंट ओततो. पाणी मुरायला बोटभर फट ठेवत नाही. जुनं झाड असलं तर त्याच्या बुंध्यापर्यंत फरशी आणतो. त्या झाडाचा जीव गुदमरतो आणि दहा वर्षांनी 'धोकादायक' म्हणून तेच कापतो. मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय आणि त्या कामाच्या नकाशांवर मीही बसलो होतो. तेव्हा बोलायला हवं होतं.

बार्सिलोनाकडेही बघा. सेर्दा या अभियंत्यानं १८५९ च्या आराखड्यात इमारतींच्या प्रत्येक ठोकळ्याचे चारही कोपरे तिरके कापले, त्यामुळं प्रत्येक चौरस्ता आठकोनी आणि ऐसपैस झाला. पुढं गाड्यांनी तो भरून गेला. २०१६ पासून काही ठोकळे एकत्र करून आतल्या रस्त्यांवरची थेट वाहतूक तोडली, आणि त्याच चौरस्त्यांवर झाडं, बाकं, खेळ आले. नवी जमीन घ्यावी लागली नाही. १८५९ मधली मोकळी जागा तिथंच होती.

निशिगंध

आणि तिथल्या भाड्यांचं काय झालं? जागा सुंदर झाली की भाडी चढतात आणि जुने भाडेकरू जातात. ज्या आजींसाठी बाक ठेवला, त्याच तिथं राहिल्या नाहीत तर?

पायवाट

ताई, ही भीती खरी आहे आणि माझ्याकडे तिचं सोपं उत्तर नाही. एक नक्की वाटतं. बाक, सावली, पाण्याचा नळ या गोष्टी मोजक्या चौकांत असल्या की त्या चैनीच्या होतात आणि भाव खातात. प्रत्येक वस्तीत असल्या तर कुणी त्यासाठी जादा मोजणार नाही. म्हणून एका चौकाचं मोठं सुशोभन करण्यापेक्षा पन्नास चौकांत पाठ टेकायला येईल असा बाक द्यावा, असं माझं मत झालंय.

उंबरझाड

पायवाट काका, मोजणीचं काय ठरलं? आमची परीक्षा संपलीय. आम्ही चौघी येऊ शकतो, आमच्या चौकात तरी.

पायवाट

उंबरझाड, अगदी जरूर करा. आज मी टेप घेऊन गेलो होतो. चौकाची मोकळी जागा ढोबळमानानं ३,६०० चौरस फूट भरली. न्यूयॉर्कच्या नियमानं १२० फूट बैठक हवी. आहे शून्य. कठड्याचा घेर ९४ फूट आहे. ती लोखंडी पट्टी काढली, तर एका पैशाचंही नवं बांधकाम न करता तीन चतुर्थांशाहून जास्त काम होतं. तसा अर्ज लिहायला घेतलाय. त्यात सपाट यांच्या आईसाठी समोरून उतार आणि निशिगंध ताईंसाठी रात्री दहानंतर आवाजाची मर्यादा, दोन्ही घातलंय.

तुम्ही मोजाल तेव्हा तीन रकाने करा: उभे, बसलेले, चालत गेलेले. बायका आणि मुली वेगळ्या लिहा. संध्याकाळी सहा ते सात, दर दहा मिनिटांनी. पेन्सिल वापरा, पेन आभाळ आलं की दगा देतं.

दक्षिणवारा

रकाना चौथा: उभ्या असलेल्या गाड्या. त्या मी मोजतो. सहाला येतो.